ओनर्स पॉलिसी घ्यावी का? घ्या, पण आधी कमिटमेंट वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एक मराठी जोडपं ६ लाख ४० हजार डॉलरचं घर घेतंय आणि क्लोजिंग (सह्या करून, पैसे देऊन घर नावावर करण्याचा दिवस) तीन आठवड्यांवर आलंय. कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, बायको एच-४ व्हिसावर. बँकेने स्वतःसाठी टायटल इन्शुरन्स (घराच्या मालकीत दोष निघाला तर भरपाई देणारा विमा) सक्तीचा केलाय, पण खर्चाच्या कागदावर 'ओनर्स पॉलिसी'पुढे, म्हणजे घर घेणाऱ्यासाठीच्या त्याच विम्यापुढे, 'ऐच्छिक' असं छापलंय. ऑफिसमधला मित्र म्हणतो, ही निव्वळ लूट आहे, आयोवा राज्यात तर यावर बंदीच आहे. घर विकणारं कुटुंब दोन वर्षांपूर्वी पुण्याला परत गेलंय. टायटलच्या कागदांत त्यांच्या नावावर दोन जजमेंट (कोर्टाने द्यायला लावलेली देणी) आणि एक जुनं होम इक्विटी कर्ज (घर तारण ठेवून काढलेलं) दिसतंय. त्यात नवऱ्याला नेमकं क्लोजिंगच्या आठवड्यात भारतात जावं लागणार आहे. पॉलिसी घ्यावी का, आणि आणखी कशाकशाची काळजी करावी, असं ताईंनी विचारलंय.

ताई, पॉलिसी घ्या. मी स्वतः टायटल एजन्सीत क्लोजिंगचंच काम करते, तेव्हा माझा हा सल्ला थोडा वजा करून ऐकलात तरी चालेल. पण तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक पॉलिसीने सुटणाऱ्या नाहीत. त्या क्लोजिंगच्या आधीच निस्तराव्या लागतात, आणि त्यासाठी तुमच्या हातात जो कागद आलाय, टायटल कमिटमेंट (पॉलिसी कोणत्या अटींवर आणि काय वगळून देऊ हे सांगणारा), तो पॉलिसीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. लोक तो उघडतसुद्धा नाहीत. तुम्ही निदान जजमेंट दिसली म्हणालात, म्हणजे उघडला आहे.

आधी मित्राचं म्हणणं घेऊ, कारण ते सगळंच खोटं नाही. अमेरिकेत काउंटी क्लर्क तुमचं डीड (मालकी देणारा दस्त) नोंदवून घेतो, पण मालक खरोखर तुम्हीच आहात याची हमी सरकार देत नाही. आपल्याकडे दस्त नोंदवला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घ्यावा लागतो, तशातलीच ही गोष्ट. पूर्वी इथेही सर्च आणि त्यावरचं मत एवढंच मिळायचं. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला आला. जमिनीवर एक जजमेंट होतं, ते दस्तलेखकाला दिसलंही होतं, पण वकिलाच्या मतावर विसंबून त्याने ते बोजा नाही असं धरलं. घेणाऱ्याचं नुकसान झालं आणि कोर्टाने दस्तलेखकाला जबाबदार धरलं नाही, कारण त्याने निष्काळजीपणा केलेला नव्हता. मग १८७४ मध्ये तिथे टायटल विमा कंपन्या काढण्याचा कायदा झाला आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली कंपनी उभी राहिली. चूक कोणाची हे सिद्ध न करता नुकसान भरून मिळावं, हा या विम्याचा गाभा तेव्हापासून आहे.

गाडीचा विमा पुढे होणाऱ्या अपघातासाठी असतो. टायटलचा विमा मुख्यतः मागे होऊन गेलेल्या गोष्टींसाठी असतो: पूर्वीच्या एखाद्या डीडवरची खोटी सही, वारसांपैकी एकाला वगळून झालेली विक्री, फेडलेलं पण कागदोपत्री न मिटलेलं कर्ज, भलत्याच नावाखाली नोंदवलेला बोजा. म्हणून हप्ता एकदाच, क्लोजिंगला भरायचा. घर तुमच्याकडे किंवा तुमच्या वारसांकडे आहे तोवर संरक्षण चालू राहतं. दावा आला तर वकिलाचा खर्चही कंपनी करते, आणि प्रत्यक्षात अनेकदा तोच मोठा आधार ठरतो. बँकेची पॉलिसी मात्र बँकेसाठी असते. तिची रक्कम उरलेल्या कर्जाएवढी असते आणि कर्ज फिटेल तशी कमी होत जाते. तुम्ही टाकलेलं डाउन पेमेंट त्यात कुठेच नसतं.

दावे फार कमी येतात आणि हप्त्याचा मोठा वाटा एजन्सीकडे राहतो, हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या हप्त्यातला बराचसा भाग नुकसानभरपाईवर जात नाही, कागद शोधण्यावर आणि अडचणी आधीच मिटवण्यावर जातो. आयोवाचंही खरं आहे. तिथे १९४७ पासून राज्यात टायटल विमा विकायला बंदी आहे. पण लोक विनाहमी घरं घेतात असं मात्र नाही. वकील कागद तपासतो आणि १९८५ पासून राज्य सरकारचीच एक संस्था टायटलची हमी देते. ती पद्धत स्वस्त आहे आणि मला स्वतःला ती आवडते. पण तुमचं घर न्यू जर्सीत आहे.

आता पैशांचं. 'ऐच्छिक' हा शब्द पाहून बिचकू नका. बँकेने सक्ती न केलेल्या विम्यापुढे तो छापणं संघीय नियमांनुसार बंधनकारकच आहे. त्या कागदावर आणखी एक गंमत असते. दोन्ही पॉलिसी एकत्र घेतल्या की बँकेची पॉलिसी नाममात्र दरात मिळते, पण कागदावर बँकेचा हप्ता पूर्ण दराने दाखवतात आणि ती सवलत ओनर्स पॉलिसीच्या आकड्यातून वजा करतात. त्यामुळे ओनर्स पॉलिसीपुढे दिसणारा आकडा म्हणजे ती न घेतल्यास तुमचे खरोखर किती वाचतील तो आकडा. निर्णय त्यावर करा. न्यू जर्सीत हप्त्याचे दर रेटिंग ब्युरोमार्फत ठरतात आणि सगळ्या कंपन्यांचे सारखेच असतात, तेव्हा हप्त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. क्लोजिंग फी, सर्चचे खर्च, कुरिअर, वायरचे (बँकेतून थेट पैसे पाठवण्याचे) आकार यांच्यावर जरूर करा, कारण ते एजन्सीगणिक बदलतात. आणि एजन्सी निवडण्याचा हक्क तुमचा आहे. विकणाऱ्याने "अमुकच एजन्सी घ्या, नाहीतर घर देत नाही" असं म्हटलं, तर ते रेस्पा या घरखरेदीच्या खर्चांबद्दलच्या संघीय कायद्याच्या कलम ९ च्या विरुद्ध आहे आणि त्याबद्दल टायटल खर्चाच्या तिप्पट रक्कम मागता येते. नवीन बांधकामात बिल्डर "आमची एजन्सी घेतलीत तर सवलत देऊ" असं म्हणतो, ते वेगळं. तिथे सवलत आणि वाढीव फी यांचा हिशेब मांडून बघायचा.

थोडे जास्त पैसे भरून मिळणारी टायटलचीच होमओनर्स पॉलिसी (आग-चोरीचा घरविमा नव्हे) घ्यावी का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मी घ्या म्हणेन. साध्या पॉलिसीत नसलेल्या काही गोष्टी तिच्यात असतात. मुख्य म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर कोणी तुमची खोटी सही करून घर विकलं किंवा गहाण टाकलं तर तेही तिच्यात येतं. शिवाय पहिली पाच वर्षं विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्के वाढत मूळच्या १५० टक्क्यांपर्यंत जाते. आपली माणसं घर बंद ठेवून महिनोन्‌महिने भारतात जातात, कधी घर किंवा रिकामा प्लॉट तसाच ठेवून कायमची परततात. मालक लांब आहे आणि घरावर कर्ज नाही, अशीच मालमत्ता तोतये शोधत असतात.

आता कमिटमेंट. तिचे तीन भाग नीट बघा.

शेड्यूल ए मध्ये मालक कोण, तुम्ही कोण, रक्कम किती एवढंच असतं. तिथे तुमची दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का ते पाहा. शेड्यूल बी च्या पहिल्या भागात 'अटी' असतात: क्लोजिंग होण्यासाठी काय काय आणून द्यायचं, काय फेडायचं. विकणाऱ्यांची जजमेंट आणि इक्विटी कर्ज तुम्हाला तिथेच दिसलं असणार. दुसऱ्या भागात 'अपवाद' असतात, म्हणजे ज्या गोष्टींसाठी विमा कंपनी पैसे देणार नाही. लोकांना पहिल्या भागाची भीती वाटते. मला दुसऱ्याची जास्त वाटते, कारण पहिल्यातलं क्लोजिंगपर्यंत कोणीतरी निस्तरतंच, दुसऱ्यातलं मात्र कायमचं तुमच्या गळ्यात पडतं.

जजमेंटचं आधी सांगते. न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टात नोंदलेलं पैशांचं जजमेंट हा त्या माणसाच्या राज्यातल्या सगळ्या स्थावर मालमत्तेवर बोजा असतो आणि तो २० वर्षं टिकतो. हॉस्पिटलचं थकलेलं बिल असो की क्रेडिट कार्ड. सर्च नावाने होतो, आणि इथे आपली नावं घोळ घालतात. अमित पाटील किंवा राहुल जोशी नावाची माणसं एकट्या मिडलसेक्स काउंटीत किती निघतील विचार करा. त्यातल्या एखाद्याने कर्ज बुडवलं की बाकीच्या सगळ्यांच्या सर्चमध्ये ते उमटतं. तेव्हा दोन जजमेंट दिसली म्हणून विकणारे बुडवे आहेत असं धरू नका. जजमेंटमधला पत्ता, मधलं नाव आणि तारीख ताडून बघायची. माणूस वेगळा असेल तर 'तो मी नव्हे' असं शपथपत्र देऊन ते काढून टाकता येतं. माणूस तोच असेल तर रक्कम क्लोजिंगच्या पैशांतून कापून फेडायची आणि ते मिटल्याचा कागद कोर्टात नोंदवायचा. नुसतं "आम्ही ते मागेच भरलं" यावर विश्वास ठेवू नका. भरलं असेलही, पण मिटल्याची नोंद झाली नसेल तर बोजा कागदावर तसाच असतो.

सर्च तुमच्या नावांवरही होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमच्या यजमानांच्या नावाशी जुळणारं एखादं जजमेंट निघालं तर तेही आत्ताच निपटा. आणि नावाचा घोळ फक्त सर्चपुरता नसतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नवऱ्याचं, बँकेत फक्त आद्याक्षर, लग्नानंतर पहिलं नावच बदललेलं: एका बाईची चार नावं चार कागदांवर असणं आपल्याकडे अगदी सर्रास. विकणाऱ्या बाईंनी घर घेताना माहेरच्या आडनावाने सही केली असेल आणि आता सासरच्या नावाने करणार असतील, तर नव्या डीडमध्ये "पूर्वीचं नाव अमुक" असा उल्लेख लागतो. क्लोजिंगच्या दिवशी कळलं तर तो पुण्यातून दुरुस्त करून आणायला आठवडा जातो.

इक्विटी कर्ज, त्यातही हेलॉक (घर तारण ठेवून हवे तेव्हा पैसे काढता येणारं खातं), हा सगळ्यात कावेबाज बोजा. ते क्रेडिट कार्डासारखं चालतं. बाकी शून्य केली तरी खातं उघडंच राहतं, आणि खातं उघडं तोवर घरावरचा बोजाही कायम. विकणारे मनापासून सांगतात की ते आम्ही कधीच फेडलं. बँकेला विचारलं तर ती म्हणते, हो, बाकी शून्य आहे. दोघंही खरं बोलतात आणि तरी बोजा असतोच. क्लोजिंगच्या आधी खातं गोठवल्याचं पत्र, विकणाऱ्यांच्या सहीने खातं कायमचं बंद करण्याची सूचना, आणि त्यानंतर गहाण मिटल्याची काउंटीत नोंद, या तिन्ही गोष्टी तुमच्या वकिलाने मागितल्यात का ते विचारा. मोठ्या कर्जाचं पेऑफ पत्रही (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील हे सांगणारं) तारीख बघून घ्या. त्यात रोजचं व्याज धरलेलं असतं, आणि क्लोजिंग दोन दिवस पुढे गेलं तर जुन्या आकड्याने पाठवलेले पैसे कमी पडतात. मग बँक गहाण सोडत नाही.

अपवादांच्या भागात सर्व्हेचा उल्लेख शोधा. 'अचूक सर्व्हेत दिसू शकणाऱ्या गोष्टी वगळून' असं वाक्य असेल तर शेजाऱ्याचं कुंपण तुमच्या जागेत तीन फूट आत आलेलं असलं तरी विमा कंपनी हात वर करणार. नवीन सर्व्हे करून घेतला की तो सरसकट अपवाद निघून जातो आणि त्याऐवजी प्रत्यक्ष जे दिसलं तेवढंच लिहिलं जातं. काही जण हा खर्च वाचवतात. डेक, शेड किंवा कुंपण असलेल्या घरासाठी मी तो कधीही वाचवू देत नाही. इझमेंट म्हणजे वीज कंपनीचा किंवा सांडपाण्याच्या पाइपचा जागेतून जाण्याचा हक्क तर बहुतेक घरांवर असतोच. तो कुठून जातो तेवढं पाहा. मागच्या अंगणाच्या मधोमध जात असेल तर तिथे पुढे खोली वाढवता येणार नाही.

काही गोष्टी तर टायटलच्या कागदात येतच नाहीत. परवाना न घेता पूर्ण केलेलं बेसमेंट, जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी, नगरपालिकेचं राहण्यायोग्यतेचं प्रमाणपत्र, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा दाखला. पहिल्या दोन्हींसाठी पालिकेच्या बांधकाम खात्यातली फाइल बघा आणि टाकीचा वेगळा शोध घ्या, तोही आजच. पाणी आणि सांडपाण्याची बाकी मात्र घरावर बोजा बनते, म्हणून शेवटचं मीटर रीडिंग झालंय का ते विचारा. दोन वर्षं रिकाम्या किंवा भाड्याने दिलेल्या घरात ही बिलं हमखास राहिलेली असतात.

आता विकणारे पुण्यात आहेत, ही तुमच्या व्यवहारातली खरी मोठी गोष्ट. इथे जबाबदारी तुमच्यावर येते, त्यांच्यावर नाही, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचा. विकणारा करदृष्ट्या 'परदेशी व्यक्ती' असेल तर १९८० च्या फर्प्टा कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने किमतीतून कर कापून आयआरएसला (अमेरिकेच्या संघीय कर खात्याला) भरायचा असतो. सर्वसाधारण दर १५ टक्के. तुम्ही स्वतः राहण्यासाठी घेत असाल आणि किंमत ३ लाखांपेक्षा जास्त पण १० लाखांच्या आत असेल तर १० टक्के. ३ लाखांपर्यंत राहण्यासाठी घेतलं तर काही नाही. तुमच्या बाबतीत १० टक्के म्हणजे ६४ हजार डॉलर. तुम्ही कापले नाहीत आणि विकणाऱ्याने कर भरला नाही, तर आयआरएस तुमच्या दारात येते. विकणारा तोवर पुण्यात निवांत असतो.

पुण्यात राहतात म्हणजे परदेशीच, असं मात्र नाही. दोघं अमेरिकन नागरिक असतील तर पुण्यात राहूनही फर्प्टा लागत नाही. ग्रीन कार्ड अजून चालू असेल तरी सहसा नाही. एच-१बी संपवून दोन वर्षांपूर्वी परतले असतील तर बहुधा लागतो. फर्प्टा लागत नसेल तर 'आम्ही परदेशी व्यक्ती नाही' असं शपथेवरचं प्रमाणपत्र, करदाता क्रमांकासकट, त्यांच्याकडून घ्या आणि जपून ठेवा. नवरा नागरिक आणि बायको नाही, असंही असतं. मग तिच्या हिश्श्यापुरतीच कपात होते.

अडचण कुठे होते ते सांगते. कपात नफ्यावर नसते, पूर्ण किमतीवर असते. विकणाऱ्यांचं मोठं कर्ज बाकी असेल तर कर्ज, दलाली आणि ६४ हजार वजा जाता हातात काही उरत नाही, कधी उलट खिशातून भरावे लागतात. हे त्यांना क्लोजिंगच्या दिवशी कळलं तर व्यवहार तिथेच थांबतो. खरा कर कमी होणार असेल तर त्यांना क्लोजिंगच्या दिवशी किंवा त्याआधी फॉर्म ८२८८-बी भरून कमी कपातीचा दाखला मागता येतो. निर्णयाला साधारण ९० दिवस लागू शकतात, पण अर्ज वेळेत केला असेल तर कापलेले पैसे तोवर एस्क्रोमध्ये (तिसऱ्याकडच्या राखीव खात्यात) ठेवता येतात. अर्ज केला नसेल तर तुम्ही क्लोजिंगपासून २० दिवसांत फॉर्म ८२८८ सह पैसे भरायचे. विकणाऱ्या बाई इथे एच-४ वर असतील आणि त्यांच्याकडे आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा करदाता क्रमांक) असेल, तर तो अजून चालू आहे का तेही विचारायला सांगा. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही की तो रद्द होतो, आणि क्रमांकाशिवाय हे अर्ज पुढे सरकत नाहीत.

न्यू जर्सीचा स्वतःचा कर याहून वेगळा. राज्याबाहेर राहणाऱ्याला, तो अमेरिकन नागरिक असला तरी, क्लोजिंगला अंदाजे आयकर भरावा लागतो आणि तो किमतीच्या किमान २ टक्के असतो, म्हणजे इथे १२ हजार ८०० डॉलर. रहिवासाबद्दलचा तो जीआयटी/आरईपी फॉर्म जोडला नसेल तर काउंटी डीड नोंदवूनच घेत नाही. हा विकणाऱ्यांचा खर्च, पण अडतं तुमचं डीड.

सह्यांचं काय? पुण्यातून कोणा नातेवाइकाला पॉवर ऑफ ॲटर्नी देण्यापेक्षा डीडच तिकडे पाठवून सही करून परत मागवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन नोटरी करता येतं, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. भारतीय नोटरी आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का) हा दुसरा मार्ग. कोणताही घ्या, पण विमा कंपनीला तो चालतो का ते आधी लेखी विचारा, आणि मूळ कागद क्लोजिंगच्या आधी एजन्सीच्या कपाटात असू द्या.

तुमच्या यजमानांचं त्यापेक्षा सोपं आहे. ते जाण्यापूर्वी इथेच तुमच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी करून जाऊ शकतात. पण ती याच घरासाठी, याच कर्जासाठी, पत्त्यासकट लिहिलेली हवी. सर्वसाधारण 'माझ्या सगळ्या व्यवहारांसाठी' असा मसुदा बँका नाकारतात. मसुदा आधी बँकेकडून आणि टायटल एजन्सीकडून मंजूर करून घ्या, मगच सही. मूळ प्रत डीडबरोबर नोंदवावी लागते, ती बॅगेत घालून मुंबईला नेऊ नका. कर्ज एकट्याचं असताना काही बँका मुळात पॉवर ऑफ ॲटर्नी घ्यायलाच नाखूश असतात. तसं असेल तर त्यांच्या जाण्याआधीची तारीख मागा. ऑनलाइन नोटरीला न्यू जर्सीत कायद्याने परवानगी आहे, पण शेवटी बँक मानेल तेच खरं.

तुमचं नाव डीडवर येऊ शकतं, आणि यावंच. कर्जावर नाव नसणं आणि मालकीत नाव असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एच-४ चा त्याच्याशी संबंध नाही. प्रॉमिसरी नोटवर (कर्ज फेडण्याच्या वचनपत्रावर) यजमानांची एकट्यांची सही होईल, गहाणखतावर तुम्हा दोघांची. न्यू जर्सीत नवरा-बायकोच्या नावाने डीड झालं की एकाच्या मृत्यूनंतर घर प्रोबेटशिवाय (वारसाहक्काच्या कोर्टप्रक्रियेशिवाय) पूर्ण दुसऱ्याचं होतं आणि एकटा दुसऱ्याच्या सहीशिवाय ते विकू शकत नाही. "नंतर कधीतरी क्विटक्लेम (कोणतीही हमी न देता हक्क सोडणारं डीड) करून नाव घालू" हा सल्ला ऐकू नका. तशा हस्तांतराने पॉलिसीच्या संरक्षणावर परिणाम होऊ शकतो, आणि आत्ता नाव घालायला वेगळा पैसा लागत नाही.

क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या आणि खर्चाच्या अंतिम आकड्यांचा कागद, तुम्हाला सह्यांच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी मिळायला हवं. २०१५ पासूनचा हा नियम आहे. आकडे थोडे बदलले तर तारीख पुढे जात नाही. व्याजाचा वार्षिक दर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला, कर्जाचा प्रकार बदलला किंवा मुदतपूर्व फेडीवर दंड घातला, तरच पुन्हा तीन दिवस थांबावं लागतं. तारीख शुक्रवारी दुपारची घेऊ नका. वायर अडकली की सोमवारपर्यंत सामानाचा ट्रक उभा.

पैसे भारतातून येणार असतील तर ते आत्तापर्यंत इथल्या खात्यात असायला हवेत, कारण बँक अलीकडच्या प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम विचारते. आईवडिलांनी दिले असतील तर गिफ्ट लेटर लागेल. त्यांना वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षभरात अशा परदेशी भेटी १ लाख डॉलरच्या वर गेल्या तर तुम्हाला आयआरएसकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नाही, नुसती माहिती, पण न भरल्याचा दंड जबर आहे.

आणि वायर. वायरच्या सूचना ईमेलने आल्या की पैसे पाठवण्यापूर्वी एजन्सीला फोन करायचा, आणि नंबर त्या ईमेलमधला वापरायचा नाही, पहिल्या भेटीत किंवा करारावर मिळालेला वापरायचा. "खातं बदललंय" असा मेल शेवटच्या दिवशी आला तर तो खोटा आहे असंच धरा. ईमेल खातं फोडून बसलेले चोर क्लोजिंगची तारीख, रक्कम, वकिलाची बोलण्याची ढब सगळं वाचून असाच मेल टाकतात. यजमान भारतात, वेळेचा फरक, तुम्ही एकट्या धावपळीत: त्यांना हवी असते ती हीच परिस्थिती. हे नुकसान टायटल पॉलिसी भरून देत नाही.

उत्तर न्यू जर्सीत दोन्ही बाजूंना वकील असतात. दक्षिण न्यू जर्सीत बरेचदा वकिलाशिवाय क्लोजिंग होतं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्याला अटींसह मुभा दिली आहे. पण परदेशातला विकणारा, हेलॉक आणि पॉवर ऑफ ॲटर्नी असं सगळं एकत्र असताना वकिलाचे पैसे वाचवू नका. वकील असेल तर त्याला आज तीन गोष्टी लिहून विचारा: विकणारे फर्प्टात बसतात का, हेलॉक बंद करण्याची सही आली का, आणि जजमेंट त्यांचीच आहेत का.

क्लोजिंगनंतर काही आठवड्यांनी नोंदवलेलं डीड आणि पॉलिसी येईल. त्यातली नावांची अक्षरं आणि ब्लॉक-लॉट क्रमांक तपासा. विकणाऱ्यांचं गहाण आणि हेलॉक मिटल्याची नोंद काउंटीच्या संकेतस्थळावर दोनतीन महिन्यांनी बघा, दिसली नाही तर एजन्सीच्या मागे लागा. पुढे रिफायनान्स कराल तेव्हा बँक स्वतःसाठी नवी पॉलिसी मागेल. त्यासाठीचा कमी दर मागून घ्या, तुमची ओनर्स पॉलिसी पुन्हा घ्यायची नाही. आणि पहिल्याच महिन्यात सरकारी दिसणाऱ्या पाकिटात एक पत्र येईल: तुमच्या डीडच्या प्रमाणित प्रतीसाठी शंभर-सव्वाशे डॉलर पाठवा. ते काउंटीचं नसतं. काउंटी क्लर्ककडे तीच प्रत थोडक्या पैशांत मिळते, आणि मूळ डीड तर एजन्सीकडून तुमच्याकडे येणारच असतं.